वेगाच्या नळीतला झेंडू

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी सरकारी विमानाच्या वेग मोजायच्या नळीत झेंडूचं फूल खोचलं.

तेव्हा माझी नोकरी सत्तावीस वर्षांची झाली होती. विमान उडायला योग्य आहे असं लिहून खाली सही करायचा परवाना माझ्या नावावर होता. आणि त्या नळीत मुंगीसुद्धा जाता कामा नये, हे नव्याने लागलेल्या पोरांना शिकवायचं काम खात्याने माझ्याकडेच दिलं होतं. मी ते फार तळमळीने शिकवायचो. फळ्यावर मुंगी काढून दाखवायचो.

'विमान खात्यात आहे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा शर्ट आणि काळा गॉगल येतो. पुणतांब्याच्या माझ्या सासऱ्यांनाही लग्न ठरवताना तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात जावई आला तो नखांत ग्रीस घेऊन. मी विमान उडवत नाही, विमान दुरुस्त करतो, हे त्यांना कळलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. "म्हणजे गॅरेजच की," एवढंच ते म्हणाले, आणि मरेपर्यंत त्यांनी मत बदललं नाही. आज मला वाटतं, माणसाला नजर होती.

आमचं विमान दोन इंजिनांचं, नऊ खुर्च्यांचं. देखणं वगैरे अजिबात नाही. गावाकडे पिकअप जशी सकाळी दूध, दुपारी कांदा आणि संध्याकाळी वऱ्हाड नेते, तसं ते होतं. खुर्च्या काढल्या की स्ट्रेचर बसायचं, स्ट्रेचर काढलं की नकाशे करायचा कॅमेरा. एका वर्षी पंखांखाली नळकांडी बांधून पाथर्डीकडच्या ढगांवर मीठ फवारायला गेलो होतो. पाऊस पडला, पण बीडमध्ये.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढची फजिती त्याशिवाय कळायची नाही. विमानाच्या शेपटीजवळ जी अक्षरं रंगवलेली असतात ती त्याची नोंदणी. पहिली दोन देशाची, पुढची तीन त्याची स्वतःची. आमचं विमान परदेशात जन्मलं. तिथल्या एका कंपनीच्या नावावर काही वर्षं उडालं. मग आपल्या सरकारने ते घेतलं, तिकडची अक्षरं खरवडली आणि आपली रंगवली. पुढे ते एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेलं, तेव्हा अक्षरं तीच राहिली, दाखल्यावरचं मालकाचं नाव बदललं. कारखान्यात ठोकलेला क्रमांक मात्र जन्मभर एकच. माझंही तसंच झालंय. जन्मदाखल्यावर जिल्हा अहमदनगर, पेन्शनच्या ताज्या कागदावर अहिल्यानगर, आणि माणूस तोच, देवळाली प्रवरेच्या पाठक मास्तरांचा धांदरट मुलगा.

दाराच्या आतल्या बाजूला एक लहानशी पोलादी पट्टी असते. तिच्यावर तीच अक्षरं आणि मालकाचं नाव कोरलेलं असतं. ती आगीत वितळत नाही. विमान जळून गेलं तरी ते कोणतं होतं हे कळावं म्हणून ती लावतात.

नोंदणीच्या जोडीला विमानाची दुसरी कुंडली असते ती सुरक्षेची. कधी पक्षी धडकला, कधी टायर बसलं, कुणाच्या चुकीमुळे काय झालं, सगळं त्यात लिहायचं. मालक बदलला, रंग बदलला तरी ही वही विमानाबरोबर जाते. आमच्या विमानाच्या वहीत दोन रकाने होते, 'अपघात' आणि 'घटना', म्हणजे अपघात होता होता टळलेलं प्रकरण. दोन्ही कोरे होते. त्याचा मला एवढा अभिमान, की पाहुणे आले तर फोटोच्या अल्बमसारखी ती वही मी काढून दाखवायचो. पाहुणे कोरी पानं उलटायचे आणि चहा कधी येतोय ते बघायचे.

त्या वर्षी परतीच्या पावसाने आमच्या जिल्ह्यात धुमाकूळ घातला. गोदाकाठची शेतं पाण्याखाली गेली. वरून पाहणी करायची म्हणून विमान आठवडाभर इकडेच ठेवलं होतं, उसाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिची काही चूक नव्हती.

धावपट्टीवर कायमचा माणूस एकच, राखणदार भागाजी. विमान उतरायच्या आधी मोटरसायकलवरून एक चक्कर मारून शेळ्या आणि कुत्री हाकलायची, हे त्याचं काम. मी तिथे गेलो की तो मला त्याच्या भाकरीतली अर्धी द्यायचा आणि सल्ला पूर्ण द्यायचा.

विमानाच्या प्रमुख होत्या कॅप्टन बर्वे मॅडम. चाळिशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांच्या हाताखाली एक नवा सहवैमानिक होता. पाहणीसाठी एक मोठे पुढारी यायचे आणि त्यांच्याबरोबर त्यांचे स्वीय सहायक. या सहायकांचं आणि मॅडमचं दसऱ्याच्या दोनच दिवस आधी वाजलं होतं, आणि त्यालाही निमित्त मीच.

त्याचं असं झालं. लहान विमानात प्रत्येक माणसाचं वजन लिहावं लागतं, कारण धावपट्टी आखूड असली की वीस-तीस किलोंनी फरक पडतो. पण खरं वजन कुणीच सांगत नाही. पुढाऱ्यांचं वजन विचारलं तर सहायक म्हणाले, "लिहा सत्तर."

भागाजी माझ्या कानाशी लागला. "सायेब, सत्तराचं तर नुसतं पोट हाय. कारखान्यात उसाच्या काट्यावर घ्या की त्यास्नी."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मला ते तांत्रिकदृष्ट्या योग्य वाटलं. मी सहायकांना गंभीरपणे म्हणालो, "साहेब, जवळच कारखाना आहे. गाडीसकट काट्यावर घालू, मग रिकामी गाडी वजा करू."

सहायकांचा चेहरा बघून मॅडम मध्ये पडल्या. त्यांनी अंदाजाने आकडे धरले, बेरीज केली आणि शांतपणे सांगितलं, "एक माणूस कमी करावा लागेल." कमी होण्यासारखा माणूस एकच होता. सहायक त्या दिवशी जीपमधून चिखल तुडवत गेले. जाताना त्यांनी मॅडमकडे जे पाहिलं, ते मी आणि भागाजी दोघांनीही पाहिलं.

"ह्यो इसरनार न्हाई," भागाजी म्हणाला.

दसरा उजाडला. उड्डाण अकराला होतं. आमच्याकडे दसऱ्याला पान्ह्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. मग नऊ खुर्च्यांच्या विमानाची नको? भागाजीने बांधावरचा झेंडू टोपलीभर आणला होता. देवळालीहून माझी बायको सुनंदा आणि मेव्हणा डबा घेऊन आले होते. थोडक्यात, प्रेक्षक होते. आणि प्रेक्षक दिसले की माझी अक्कल रजेवर जाते.

मी दोन्ही पंख्यांना हार घातले. नाकावर कुंकवाचं बोट ओढलं. नारळ विमानापासून चांगला वीस पावलं लांब फोडला, कारण मी सुरक्षेच्या बाबतीत फार काटेकोर. मग माझी नजर त्या नळीकडे गेली.

विमानाच्या नाकाशेजारी, दोन्ही बाजूंना एकेक, बोटाएवढी नळी पुढे आलेली असते. विमान धावायला लागलं की समोरची हवा तिच्यात शिरते. त्या हवेच्या दाबावरून वेग किती हे आतल्या काट्याला कळतं. डावी नळी कॅप्टनच्या काट्याची, उजवी सहवैमानिकाच्या. विमान उभं असताना किडा-माशी शिरू नये म्हणून दोन्हींवर लाल टोपी घालतात. कुंभारमाशी तर अशी नळी शोधतच हिंडत असते.

मी डाव्या नळीची टोपी काढली आणि देठ आत घालून एक टपोरं फूल खोचलं. इतकं चपखल बसलं की मलाच कौतुक वाटलं. मेव्हण्याने फोटो काढला. मी विमानाशेजारी छाती काढून उभा, आणि माझ्या कानाजवळ तो झेंडू. हा फोटो मी लगेच आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सुरक्षित उड्डाण, सोन्यासारखं उड्डाण'. बरेच अंगठे आले.

दहाच्या सुमाराला मी सगळे हार उतरवले. नळीतलं फूल ओढलं. फूल हातात आलं. फुलाला देठ असतो हे मी पाचवीत शिकलो होतो. पण मेव्हणा बोलत होता, डब्यातल्या बासुंदीचा वास येत होता, आणि मी नळीवर टोपी घालून मोकळा झालो. उड्डाणाआधी दोन्ही टोप्या काढून मॅडमच्या हातात मोजून दिल्या. पद्धत तशीच आहे. मॅडम विमानाभोवती फिरल्या, वाकून नळीही पाहिली. देठ आत सरकलेला होता.

"पाठक, फुलं सगळी काढलीत ना?"

"मॅडम, एक पाकळी राहिलेली नाही."

हे मात्र खरं होतं.

पाहुणे चढले. सहायकही होते. इंजिनं सुरू झाली, विमान धावायला लागलं. मी, सुनंदा, मेव्हणा आणि भागाजी ओळीने उभे. अर्धी धावपट्टी संपली असेल-नसेल, तोच इंजिनांचा आवाज एकदम पडला. चाकांखालून धूर निघाला. विमान डावी-उजवीकडे डुलत गेलं, गेलं, आणि कुंपणाच्या अलीकडे चाळीसेक पावलांवर थांबलं. पलीकडे ऊस होता, आणि त्याच्या पुढे विहीर. सीमोल्लंघन थोडक्यात हुकलं.

भागाजीने मला मोटरसायकलवर घेतलं. धावपट्टीभर मी देवाला एकच गोष्ट मागत होतो, इंजिन बिघडलेलं असू दे. इंजिन माझं नव्हतं, पुण्याहून तपासून आलं होतं.

मॅडम पाहुण्यांना धरून खाली उतरवत होत्या. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "माझा काटा शून्यावरून हललाच नाही."

मी नाकाशी गेलो. खिशात चिमटा होता. नळीत घातला आणि एका झटक्यात तो हिरवा देठ बाहेर काढला. कुणी बघितलं नाही. निदान मला तसं वाटलं. देठ रुमालात बांधून खिशात टाकला, आणि आयुष्यातली दुसरी चूक पहिलीच्या वर रचली.

कारण तासाभराने, टायर बदलून, नळीला तपासणीचा पंप लावला तर काटा कसा छान फिरला! दोष शिल्लकच नव्हता. सहवैमानिक पोरगा सरळ होता. त्याला विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं, "माझा काटा बरोबर चालला होता. मॅडमच्या काट्याकडे मी पाहिलं नाही." सहायकांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा दसऱ्याला साजेसा खुलला. संध्याकाळच्या आत तक्रार वर गेली होती. बाई घाबरल्या, काही कारण नसताना विमान थांबवलं, महत्त्वाच्या व्यक्तींचा जीव धोक्यात घातला, यापुढे त्यांना असं काम देऊ नये.

आमचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख तांबोळीसाहेब. त्यांचा फोन आला. "पाठक, तीन दिवसांत लेखी अहवाल. कारण काय ते तुम्हीच लिहायचं, विमान तुमच्या ताब्यात होतं. कारण सापडलं नाही, तर बर्वे मॅडमचं उड्डाण बंद करून त्यांना खाली बसवावं लागेल."

तीन दिवस मी अहवाल लिहीत होतो. पहिला कागद लिहिला, 'दोष आढळला नाही'. फाडला. दुसरा लिहिला, 'नळीत कुंभारमाशीचं घर असावं'. हा मला फार आवडला. मॅडम सुटत होत्या, मी सुटत होतो, आणि माशीला पेन्शन नव्हती. मी तो भागाजीला वाचूनसुद्धा दाखवला, शुद्धलेखन तपासायला दिल्यासारखा.

भागाजी तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, "माशी कवा आल्ती?"

"असेल आली. आपण काय बघत बसलो होतो?"

"आमी बघतच हुतो, सायेब. तुमी चिमट्यानं हिरवी माशी काढली, रुमालात बांधली. लई जपून बांधली." तंबाखू तोंडात टाकून तो पुढे बोलला, "तुमी माशी लिवली तर आता समदे माशीला शोधत बसनार. आनि फुडल्या दसऱ्याला दुसरा कुनी पाठक दुसऱ्या इमानाला फूल खोचनार. तवा कुंपनाच्या अलीकडं थांबंल का? इथं तर बाई व्हती म्हनून थांबलं."

मी सत्तावीस वर्षं पोरांना सुरक्षेची वही कशासाठी असते ते शिकवत होतो. फळ्यावर मुंग्या काढत होतो. आणि शेळ्या हाकणाऱ्या माणसाने ते मला तंबाखू मळता मळता सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी रुमाल खिशात घालून ऑफिसला गेलो. वाटेत मी स्वतःवर फार खूश होतो. सत्यासाठी नोकरी पणाला लावायला निघालेला माणूस आरशात कसा दिसत असेल, असं वाटून मी बसच्या काचेत दोनदा बघितलंसुद्धा. तांबोळीसाहेबांच्या टेबलावर रुमाल सोडला. सुकलेला देठ बाहेर आला. सगळं सांगितलं. मनात अशी अपेक्षा, की साहेब उभे राहतील, निदान चष्मा तरी काढतील.

त्यांनी मोबाईल पुढे केला. माझाच दसऱ्याचा फोटो होता. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. माझी छाती बाजूला सरकली आणि नळीतला झेंडू पडदाभर झाला.

"पाठक, हा फोटो ग्रुपवर अठ्ठेचाळीस जणांनी बघितला," साहेब म्हणाले. "मोठा करून मी एकट्याने बघितला, आणि तोही विमान थांबल्याचं कळल्यावर. तीन दिवस तुमची वाट बघतोय. आज पाच वाजेपर्यंत आला नसतात, तर हा फोटो वर जाणार होता आणि तुम्ही घरी."

माझा परवाना सहा महिने काढून घेतला गेला. ते महिने मी स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत काढले. मॅडमवरची तक्रार निकालात निघाली. वर लिहिलं गेलं की काटा शून्यावर दिसताच विमान थांबवणं हेच बरोबर होतं, आणि तेवढ्या धावपट्टीत थांबवणं कौशल्याचं होतं. त्या कागदाची एक प्रत घेऊन मी मॅडमकडे माफी मागायला गेलो. घरून पाठ करून गेलो होतो. त्यांनी अर्धं ऐकलं.

"तीन दिवस लागले, पाठक?"

बस्, एवढंच. त्या तीन दिवसांत त्यांनी घरी आपल्या मुलीला काय सांगितलं असेल, झोप लागली असेल का, हे मी कधी विचारलं नाही. पुढे आम्ही चार-पाच वर्षं एकत्र काम केलं. प्रत्येक उड्डाणाआधी त्या म्हणायच्या, "पाठक, हात दाखवा." मी दोन्ही तळवे उघडून दाखवायचो. सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या कधी हसल्या नाहीत.

पुढच्या दसऱ्याआधी सगळीकडे सूचना गेली की पूजा हत्यारांच्या पेटीची करावी, विमानाला फूल लावू नये. तिच्यावर माझं नाव नव्हतं, पण आमच्याकडे तिला 'पाठक-पत्रक' म्हणूनच ओळखतात. माणसं संस्था काढतात, रस्त्याला नाव मिळवतात. मी एवढं मिळवलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात विमानही थकलं. सुटे भाग मिळेनात. ते सेवेतून काढायचं ठरलं आणि त्याचा इतिहास एका कागदावर लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. नोंदणी परदेशातली, नोंदणी इथली, मालकबदल, नोंदणी रद्द. सुरक्षा: अपघात नाही. घटना एक. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'बाह्य वस्तू'. तांबोळीसाहेब निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून यायचे. त्यांनी ते खोडलं आणि माझ्याकडून लिहून घेतलं, 'देखभाल अभियंत्याने पूजेसाठी खोचलेल्या झेंडूचा देठ'. "माशी चालणार नाही, तसं हेही चालणार नाही," म्हणाले. शेपटीवरची अक्षरं मीच खरवडली. पोलादी पट्टीचे स्क्रूही मीच काढले.

विमान आमच्याच जिल्ह्यातल्या एका आयटीआयला मिळालं, पोरांना शिकायला. इंजिनं काढलेली, टाक्या कोरड्या, चाकांखाली सिमेंटचे ओटे. गेल्या दसऱ्याला तिथल्या प्राचार्यांनी मला पूजेला बोलावलं. पत्रक उडणाऱ्या विमानांना लागू, हे आता उडायचं नाही, तेव्हा हरकत नव्हती. भागाजीलाही बोलावलं होतं. तो आता थकलाय, पण टोपलीभर झेंडू घेऊन आला होता.

पोरं गोळा झाली. प्राचार्यांनी माझी ओळख करून दिली, या विमानाची ज्यांनी आयुष्यभर काळजी वाहिली ते, वगैरे. मी घसा साफ केला. डोळे भरून आले होते. खाली वाकलो आणि टोपलीतलं एक फूल उचललं.

भागाजीने ते सगळ्यांसमोर माझ्या हातातून काढून घेतलं.

"आनि तुमी दोन पावलं मागं ऱ्हावा, सायेब," तो म्हणाला. "इमान उडत न्हाई हे खरं हाय, पन तुमचा काय भरवसा न्हाई."